मंदीच्या काळात सरकारने हात आखडावा की सैल सोडावा?



अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, ही शिकवण मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. संसाराला ती योग्यच आहे. उत्पन्न घटले की सुज्ञ गृहस्थ खर्चाला कात्री लावतो. जो लावत नाही, त्याच्या दारी सावकार येऊन उभा राहतो. मग राज्याचा संसार निराळा कसा असेल? व्यापार बसला, कारखाने थंडावले, माणसांच्या हातांना काम उरले नाही, म्हणजे करांचे उत्पन्न घटते आणि सरकारची तूट वाढते. अशा वेळी सरकारनेही हात आखडावा, की उलट कर्ज काढून कामे सुरू करावीत? गेल्या शंभर वर्षांत अर्थशास्त्रात जे मोठे वाद झाले, त्यांत या वादाचे स्थान फार वरचे आहे. तो विद्वानांच्या दालनापुरता कधीच राहिला नाही. त्याच्या निर्णयावर मंत्रिमंडळे कोसळली आहेत आणि लाखो घरांतील चुली पेटल्या वा विझल्या आहेत.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न एका मराठी माणसाने फार पूर्वी विचारला होता. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी खजिन्यात सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि सभागृहात तिच्याबद्दल अभिनंदन चालले होते. देश मात्र १८९६ पासून लागोपाठच्या दोन मोठ्या दुष्काळांनी आणि प्लेगने पोळून निघाला होता. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील होण्याचे नाकारले. देशाची स्थिती आणि देशाच्या तिजोरीची स्थिती यांचा परस्परांशी मेळ उरलेला नाही, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. प्रजा हलाखीत असताना उरणारी शिल्लक ही कारभाराच्या कौशल्याची खूण नसून करांचा बोजा गरजेपेक्षा अधिक असल्याची खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मिठावरील कर कमी करावा, ही त्यांची मागणी त्यातूनच आली. गोखले काही कर्ज काढून खर्च करण्याचे पुरस्कर्ते नव्हते. हिशेबाच्या बाबतीत ते कर्मठच होते. तथापि राज्याच्या कारभाराची परीक्षा वहीतील शिल्लकेवर करावयाची की प्रजेच्या प्रकृतीवर, हा प्रश्न त्यांनी सरकारसमोर ठेवला. पुढे तीस वर्षांनी तोच प्रश्न जगापुढे अक्राळविक्राळ रूप घेऊन उभा राहिला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीची लाट देशोदेशी पसरत गेली. इंग्लंडमध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे मजूर पक्षाचे सरकार होते आणि फिलिप स्नोडेन अर्थमंत्री होते. १९३१ च्या मध्यास तेथील बेकारांची संख्या सत्तावीस लाखांच्या आसपास गेली होती. सरकारी खर्च कोठे कमी करता येईल हे पाहण्यासाठी सर जॉर्ज मे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. ३१ जुलै १९३१ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने बारा कोटी पौंडांच्या तुटीचे भाकीत केले. साडेनऊ कोटी पौंडांहून अधिक काटकसर करावी, आणि तिचा सुमारे दोनतृतीयांश भाग बेकारांच्या मदतीतून काढावा, अशी शिफारस त्यात होती. ज्यांच्या हातून काम गेले होते, त्यांच्याच ताटातील भाकर कमी करण्याचा हा सल्ला होता.

हा सल्ला देणाऱ्यांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. पौंडाचे मूल्य तेव्हा सोन्याशी बांधलेले होते. सरकारची तूट दिसली की परदेशी ठेवीदार पैसे काढून घेतील, सोने देशाबाहेर जाईल आणि पौंडाची पत बुडेल, ही भीती खरी होती. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. बेकारी भत्त्यात दहा टक्के कपात करण्याचा प्रश्न २३ ऑगस्ट रोजी मंत्रिमंडळापुढे आला तेव्हा अकरा मंत्री अनुकूल व नऊ प्रतिकूल निघाले, आणि सरकार फुटले. दुसऱ्याच दिवशी मॅक्डोनल्ड यांनी सर्वपक्षीय राष्ट्रीय सरकार बनविण्याचे मान्य केले. १० सप्टेंबरच्या तातडीच्या अंदाजपत्रकात स्नोडेन यांनी कर वाढविले, भत्ता घटविला, शिक्षकांच्या पगाराला कात्री लावली. पगारकपातीची वार्ता ऐकून स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे आरमारी खलाशांनी कामावर जाण्याचे नाकारले. त्यांच्यातील कनिष्ठांपैकी काहींचा पगार चौथाईने कमी होणार होता. त्या बातमीने ठेवीदार अधिकच बिथरले आणि २१ सप्टेंबर रोजी इंग्लंडने सोन्याशी असलेले पौंडाचे नाते तोडून टाकले. जे वाचविण्यासाठी एवढी काटकसर केली, तेच काटकसरीच्या धक्क्याने हातचे गेले. वर्षअखेरपर्यंत पौंड डॉलरच्या तुलनेत जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरला. पण आकाश कोसळले नाही. उलट पुढील वर्षी बँकदर दोन टक्क्यांवर आला, कर्ज स्वस्त झाले, घरबांधणीला जोर आला आणि इंग्लंड हळूहळू सावरू लागले.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या सप्टेंबरात लंडनमध्येच होते. रुपया पौंडाच्या दावणीला बांधण्याचा निर्णय त्याच दिवसांत झाला. तो हिंदी लोकांना विचारून झाला नाही. अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी येथेही इंग्लंडचाच कित्ता गिरविला. करांवर अधिभार बसला, सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात झाली, पुरातत्त्व खात्याच्या उत्खननासारख्या कामांचा निधी आटला. शेतमालाचे भाव तोवर निम्म्याच्या जवळपास आले होते. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोख रुपयांत, पूर्वीइतकेच द्यावयाचे होते. म्हणजे तेवढाच सारा भरण्यासाठी कुणब्याला जवळजवळ दुप्पट धान्य विकावे लागे. घराघरांतील दागिने मोडीत निघाले आणि सोन्याचा ओघ परदेशी वाहू लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच. स्वतःचे धोरण स्वतः ठरविण्याची मुभा नसलेल्या देशाला मंदीत काय भोगावे लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या सर्व अनुभवानंतर, १९३२ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एवढ्या मोठ्या वादाचे दोन्ही पक्ष इतक्या थोड्या जागेत क्वचितच मांडले गेले असतील. १७ ऑक्टोबरच्या पत्राखाली जॉन मेनार्ड केन्स, पिगू, लेटन, सॉल्टर, स्टँप आणि मॅक्ग्रेगर अशा सहा जणांच्या सह्या होत्या. तरुणपणी केन्स यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली होती आणि हिंदुस्थानच्या चलनपद्धतीवर १९१३ मध्ये ग्रंथही लिहिला होता. पत्राचे म्हणणे असे की, सध्याच्या परिस्थितीत खर्च टाळणे ही देशसेवा नव्हे. एकाने खर्च केला नाही म्हणून वाचलेला पैसा आपोआप नव्या उद्योगात जात नाही. एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते. गृहस्थाने नवे धोतर घेतले नाही तर कापडदुकानदाराचा गल्ला रिकामा राहतो, दुकानदाराने मागणी नोंदविली नाही तर गिरणीतील माग थांबतो, माग थांबला की विणकराच्या घरी धान्य येत नाही, आणि मग धान्याच्या व्यापाऱ्यालाही गिऱ्हाईक उरत नाही. प्रत्येकाने शहाणपणा केला आणि सगळ्यांचे मिळून नुकसान झाले, असा हा चमत्कारिक हिशेब आहे. व्यक्तीला जे लागू, तेच शहराला लागू, हे सांगताना पत्रलेखकांनी जी उदाहरणे घेतली ती या वास्तूत मुद्दाम आठवावीत अशी आहेत. एखाद्या गावाच्या नागरिकांना पोहण्याचा तलाव, ग्रंथालय किंवा वस्तुसंग्रहालय बांधावयाचे असेल, तर ते न बांधल्याने राष्ट्राचे काही अधिक हित साधते असे नाही, असे त्यांनी लिहिले.

दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबर रोजी, लंडन विद्यापीठातील चार अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिले: ग्रेगरी, हायेक, प्लँट आणि रॉबिन्स. त्यांचा पक्ष हलका नव्हता. पैसा नुसता दाबून ठेवण्याने मंदी वाढते, हे त्यांनी मान्य केले. परंतु बचत करून ती रोख्यांत गुंतविणे आणि पैसा कपाटात कुलूपबंद करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे ते म्हणाले. जगावरील संकटाचे बरेचसे मूळ सार्वजनिक संस्थांनी अविचाराने काढलेल्या कर्जांत आणि केलेल्या खर्चात आहे. अशी कर्जे पुढील काळाची अंदाजपत्रके गहाण टाकतात. सरकारला खरोखर मदत करावयाची असेल तर व्यापारावरील आणि भांडवलाच्या हालचालीवरील निर्बंध उठवावेत, हा त्यांचा सल्ला होता. या चौघांपैकी ग्रेगरी पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थान सरकारचे आर्थिक सल्लागार म्हणून येथे आले. रॉबिन्स यांनी उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्या वेळची आपली भूमिका चुकीची होती असे मोकळेपणाने कबूल केले. हायेक मात्र अखेरपर्यंत आपल्या मताशी ठाम राहिले.

कोणाचे खरे, याचा निर्णय दोन देशांच्या अनुभवाने बराचसा केला. जर्मनीत चॅन्सेलर ब्रूनिंग यांनी १९३० ते १९३२ या काळात आणीबाणीच्या हुकुमांनी पगार, निवृत्तिवेतने आणि बेकारांची मदत कमी केली व कर वाढविले. त्यांचेही हात बांधलेले होते. युद्धाची खंडणी डोक्यावर होती आणि १९२३ मध्ये नोटांच्या महापुरात चलन कवडीमोल झाल्याची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. नाझी पक्षाला १९२८ मध्ये संसदेत अवघ्या बारा जागा होत्या. जुलै १९३२ मध्ये त्या दोनशे तीस झाल्या. हिटलरच्या उदयाला कारणे अनेक आहेत. तरीही उपाशी माणसांना धीर धरा असे सांगणारे सरकार आणि त्यांना शत्रू दाखवून देणारा पक्ष, यांत निराश माणसे कोणाच्या मागे जातात, हे तेथे दिसून आले.

अमेरिकेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ज्या दिवशी चौघांचे पत्र छापून आले, त्याच दिवशी पिट्सबर्गच्या प्रचारसभेत रूझवेल्ट हे सरकारी खर्च पंचवीस टक्क्यांनी कमी करण्याचे आश्वासन देत होते. सत्तेवर आल्यावर मात्र त्यांनी रस्ते, धरणे, शाळा, वनीकरण अशी कामे काढली. केंटकीच्या डोंगराळ मुलुखात घोड्यांच्या पाठीवर पुस्तके लादून वाडीवस्तीवर पोहोचविणाऱ्या स्त्रियाही याच योजनांच्या पगारपटावर होत्या. १९३६ पर्यंत प्रकृती सुधारली. तेव्हा आता रोगी बरा झाला असे समजून १९३७ मध्ये अंदाजपत्रक समतोल करण्याचा आग्रह सुरू झाला, खर्च कमी केला गेला, नवे कर लागू झाले आणि मध्यवर्ती बँकेनेही पतपुरवठा आवळला. वर्षभरात औद्योगिक उत्पादन सुमारे एकतृतीयांशाने घसरले. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पुन्हा तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची मागणी केली, आणि मग गाडी रुळावर येऊ लागली. औषध बदलले की ज्वर उतरतो आणि थांबविले की चढतो, असे एकाच रोग्याच्या बाबतीत दिसून यावे, असा योग अर्थशास्त्रात फार थोड्या वेळा येतो.

येथे थांबले तर मात्र अर्धेच सत्य हाती लागेल. प्रत्येक आर्थिक संकट ही मंदी नसते आणि प्रत्येक मंदी मागणीच्या अभावाने येत नाही. १९९१ चा भारत आठवावा. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले आणि केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास होती. तेथे गिऱ्हाईक नव्हते असे नाही, डॉलर नव्हते. अशा वेळी आणखी खर्च करणे म्हणजे आगीत तेल ओतणे झाले असते. डॉ. मनमोहन सिंग यांनी २४ जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात तूट कमी करण्याचा मार्ग धरला, तो त्या रोगाला योग्य होता. २००८ च्या जागतिक मंदीत भारत सरकारने करसवलती आणि वाढीव खर्च यांचा आधार दिला. अडीच टक्क्यांची अंदाजित तूट सहा टक्क्यांच्या घरात गेली आणि मंदीची झळ कमी लागली. परंतु दिलेला आधार वेळेवर काढून घेतला गेला नाही आणि पुढील वर्षांत महागाईने सामान्यांना छळले. करोनाच्या साथीनंतर अमेरिकेने केलेल्या प्रचंड खर्चाने तेथील रोजगार झपाट्याने सावरला, तशी जून २०२२ मध्ये तेथील महागाई नऊ टक्क्यांच्या वर गेली. युद्ध आणि मालाची टंचाई ही तिची मोठी कारणे असली, तरी त्या खर्चाचाही तिच्यात वाटा होता.

उलट बाजूला ग्रीसचे उदाहरण आहे. कर्जाच्या ओझ्याने वाकलेल्या त्या देशाला २०१० पासून मदत मिळाली ती कठोर काटकसरीच्या अटीवर. पगार, निवृत्तिवेतने आणि सेवा कापल्या गेल्या. २००८ ते २०१३ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे चौथाईने आकसले, बेकारी सत्तावीस टक्क्यांवर गेली, आणि उत्पन्नच आटल्यामुळे कर्जाचे ओझे प्रमाणाने वाढले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थशास्त्रज्ञांनीच २०१३ मध्ये दाखवून दिले की, खर्चकपातीने उत्पन्न किती घटते याचा अंदाज पूर्वी फार कमी धरला गेला होता. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेले की विकास खुंटतो, असे सांगणारा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा निबंध २०१० पासून काटकसरीच्या समर्थनार्थ सर्वत्र पुढे केला जात होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने त्यातील तक्ते तपासले, तेव्हा सरासरी काढताना काही देशांच्या ओळीच वगळल्या गेल्याचे आढळले. आकड्यांच्या अधिकारवाणीपुढे मान तुकविण्यापूर्वी बेरीज तपासावी, हा धडा गोखल्यांनाही आवडला असता.

इतक्या अनुभवांवरून काही कसोट्या हाती लागतात. पहिली, रोग कोणता? माणसे, यंत्रे आणि माल पडून आहेत, की मुळात मालाचीच टंचाई आहे? दुसरी, कर्ज कोणाचे आणि कोणत्या चलनात? स्वतःच्या लोकांचे, स्वतःच्या चलनातील ऋण आणि परक्याचे डॉलरमधील ऋण यांत महदंतर आहे. तिसरी, खर्च कशावर? बियाण्यासाठी काढलेले कर्ज आणि जेवणावळीसाठी काढलेले कर्ज यांतील भेद शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. चौथी कसोटी सर्वांत विसरली जाणारी आहे: सुगीच्या वर्षी काय केले? तिजोरीने काटकसर करावयाची ती तेजीच्या काळात, मंदीच्या नव्हे, असे केन्स यांनी १९३७ मध्ये लिहिले होते. त्यांच्या उपदेशाचा खर्चाचा भाग सर्व सरकारांनी उचलला. सुगीत कणगी भरून ठेवण्याचा भाग बहुतेकांनी ऐकला नाही.

या कसोट्यांना उतरलेली एक योजना महाराष्ट्रात जन्माला आली, याचा अभिमान सीमेपलीकडील मराठी माणसालाही वाटावा. वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात लाखो हातांना काम देऊन गेली. ताली, पाझर तलाव, रस्ते ही कामे त्यातून उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे ज्याच्या हाताला काम आहे त्याने काम नसलेल्याचा भार उचलावा, अशी तिची घडण होती. वाईट वर्षी मजुरांची रीघ लागते आणि खर्च आपोआप वाढतो. पाऊसपाणी बरे झाले की मजूर शेतावर परततो आणि खर्च आपोआप ओसरतो. केव्हा सुरू करावे आणि केव्हा थांबवावे, हा मंत्र्यांना न सुटणारा प्रश्न तेथे मजूर स्वतः सोडवितो. त्या योजनेत गैरप्रकार झाले नाहीत असे नाही. पण तत्त्व खरे होते, आणि २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने ते देशभर नेले.

एक गोष्ट या वादाच्या दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावी. काटकसर ठरविताना कात्री नेहमी ज्यांना आवाज नाही त्यांच्यावर प्रथम चालते. १९३१ मध्ये ती बेकार, शिक्षक आणि खलाशी यांच्यावर चालली. २०१० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील शेकडो सार्वजनिक ग्रंथालयांना टाळे लागले. खर्च करावयाचे ठरले की ज्यांचा आवाज मोठा, त्यांच्याच ओंजळीत प्रथम पाणी पडते. म्हणून किती खर्च, हा अर्थशास्त्राचा प्रश्न असला, तरी कोणावर आणि कोणासाठी, हा नागरिकांचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी अंदाजपत्रक वाचता यावे लागते, जुने अहवाल हाताशी असावे लागतात, दोन विरुद्ध मतांची पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी मिळावी लागतात. तसे कपाट ग्रंथालयातच असते. १९३२ च्या त्या पत्रात तलाव आणि संग्रहालय यांच्या जोडीने ग्रंथालयाचे नाव आले, ते उदाहरणादाखल. परंतु ज्या गावाने चांगल्यावाईट काळात आपले ग्रंथालय शंभर वर्षे चालू ठेवले, त्या गावाला कोणता खर्च बियाण्याचा आणि कोणता जेवणावळीचा, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.